वाळवणीचा वेळ

शाहूपुरीत, पंपांचे आणि इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर माधव किल्लेदारांची फर्म होती. दोन खोल्या, एक संगणक, कर्कश आवाज करणारा एक प्रिंटर आणि एक एअर कंडिशनर. एअर कंडिशनर माणसांसाठी नव्हता, मशिनसाठी होता. आतल्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. पटका बांधलेले सोसायट्यांचे चेअरमनसुद्धा मुकाट्यानं पायताणं काढत आणि आत आल्यावर आपोआप हळू बोलायला लागत. सत्त्याऐंशी साली कोल्हापुरात संगणकाचा असा वचक होता.

कालिंदी दाभोळे तिथं कामाला होती. संख्याशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाल्यावर तिनं बऱ्याच ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. सगळीकडे शेवटी लग्नाचा विषय निघायचाच. माधवनं तो काढला नाही. त्यानं विचारलं, "एसटीनं फिरायची तयारी आहे? आणि गिऱ्हाईक अंगावर ओरडलं तर?"

"तर मी ऐकून घेईन आणि परत विचारीन," ती म्हणाली.

"मग सोमवारपासून या."

प्रोग्रॅमिंग तिला त्यानंच शिकवलं. मुंबईतली चांगली नोकरी सोडून, बायकोच्या विरोधाला न जुमानता तो गावी परत आला होता. आपल्याला येतं ते दुसऱ्याला सांगताना त्याला आनंद व्हायचा. शिकवताना तो कधी चिडला नाही. कालिंदी हे विसरली नव्हती, आणि पुढं जे झालं ते तिला एवढं जड गेलं त्याचं कारणही हेच होतं.

फर्ममध्ये येईल ते काम घेतलं जायचं. शाळांचे निकाल, इचलकरंजीच्या सूत सोसायटीचा साठा, एका डॉक्टरांचे पेशंट, एकदा तर वधूवर सूचक मंडळाच्या पत्रिका. कालिंदी आधी त्या ठिकाणी जाऊन नुसती बसायची. कोण काय करतं, कशानंतर काय होतं, कुठं अडतं, ते बघायची. मग परत येऊन ते मशिनला कळेल असं लिहून काढायची. दर दोन महिन्यांनी नवा धंदा, नवी माणसं, नवे शब्द. तिला ते फार आवडायचं. वडिलांना, दत्तोपंतांना, ती जेवताना सांगत बसायची, सूत कसं ओलं करून वजन वाढवतात, तापाचा पेशंट आधी काय खोटं सांगतो. दत्तोपंत शाळेतून निवृत्त झालेले. ते ऐकून हसायचे.

आजऱ्याच्या काजू कारखान्यानं मात्र तिचं हसू कमी केलं. तिथं बायका ओळीनं बसून काजू फोडायच्या. टरफलातल्या तेलानं त्यांच्या बोटांची कातडी काळी पडून सोलपटायची. मालकाला हवं होतं एवढंच, की कोणत्या बाईच्या हातून किती अख्खा निघतो आणि किती तुकडा. कालिंदीनं ते करून दिलं. काम चोख झालं. पुढच्या खेपेला गेली तेव्हा खिडकीजवळची जागा रिकामी होती. तिथं बयाबाई बसायची, म्हातारी, तोंडानं सतत काहीतरी पुटपुटणारी. तिनं कालिंदीला पहिल्या दिवशी स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली होती.

"बयाबाई कुठं आहेत?" कालिंदीनं शेजारणीला विचारलं.

"घरी बसवली की तिला. मशिननं सांगिटलं म्हणं, हिचा तुकडा लई पडतोय. दिसत न्हवतं तिला. आमी सांभाळून घ्यायचो, आमच्यातला अख्खा तिच्या पाटीत टाकायचो कदी कदी. आता ते जमंना."

कालिंदी मालकाकडं गेली. मालक सभ्य माणूस होता. त्यानं चहा मागवला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर दाखवलंत."

परत येताना एसटीत तिनं ठरवलं की यापुढं कुठल्याही कामात नुसतं विचारलं तेवढं करायचं नाही. आपण लिहिलेल्याचा वापर कसा होणार ते आधी बघायचं. हे तिनं माधवला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे." आणि त्याच आठवड्यात हंबीररावांच्या फाउंड्रीचं काम आलं.

हंबीररावांची फाउंड्री शिरोली एमआयडीसीत होती. इंजिनाचे ओतीव भाग करून पुण्याला पाठवायचे. पुण्याच्या कंपनीनं मागणी वाढवली होती आणि वेळेत माल न आल्यास दुसरीकडं जाऊ असंही कळवलं होतं. हंबीररावांना विजेवर चालणाऱ्या भट्टीचं रोजचं वेळापत्रक संगणकावर करून हवं होतं. कच्चा माल कधी भरायचा, वितळलेल्या लोखंडाचा रस कधी तयार होणार, साच्यांत कधी ओतायचा, एका दिवसात जास्तीत जास्त किती वेळा भट्टी उतरवता येईल, हे सगळं. माधवच्या फर्मला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. ते नीट पार पडलं असतं तर एमआयडीसीतली आणखी कामं दारात उभी होती. पडलं नसतं तर माडीचं भाडंसुद्धा अवघड होतं, हे कालिंदीला माहीत होतं.

ती नेहमीसारखी जाऊन बसली. भट्टीवर केरबा होता. चाळिशीचा, अंगानं किडकिडीत, भुवया जळून गेलेल्या. त्याच्याबरोबर जोतीराम. केरबा कमी बोलायचा, पण विचारलं की तोंडाजवळ हात धरून, भट्टीच्या घरघरीवर आवाज चढवून सांगायचा. भंगार लोखंड बाहेर उघड्यावर पडलेलं असायचं. भट्टीत टाकण्याआधी ते तेलाच्या बर्नरवर तापवून कोरडं करून घ्यायचे.

"का?" कालिंदीनं विचारलं.

"ओलं पडलं रसात तर उडतंय, ताई. पाण्याची वाफ हुती की एकदम. रस भाईर येतो."

"कधी झालंय असं?"

"बारकं बारकं हुतंच. ही भुवई तशीच गेली." त्याच्या चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं. भट्टीवर काम करणाऱ्या सगळ्यांनाच हे ठाऊक होतं, मॅनेजर बाळासोला आणि हंबीररावांनाही. यात गुपित काही नव्हतं.

कालिंदीनं वेळापत्रकात वाळवणीचा वेळ वेगळा घातला. बर्नर एकच होता. उन्हाळ्यात त्यामुळं काही अडत नव्हतं, पण पावसाळ्याचे आकडे घातले की माल वाळायला वेळ लागायचा आणि दिवसाचं उत्पादन खाली यायचं. बाळासोनं कागद बघितला आणि कपाळाला आठी घातली.

"ह्ये काय, मॅडम? ह्यापेक्षा आमी हातानं जास्त काढत हुतो."

"हातानं काढताना वाळवणी कमी करत होता तुम्ही. केरबा सांगत होते."

"केरबाला काय कळतंय? त्येला बिड्या वढायला वेळ पायजे." बाळासो हसला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "आवो, भंगारावर छप्पर घालालोय आमी. पत्र्याची ऑर्डर गेली. माल भिजणारच न्हाय तर वाळवायचा कशाला?"

"मग छप्पर झालं की मी तो वेळ काढून टाकते. पाच मिनिटांचं काम आहे."

बाळासो कागद घेऊन निघून गेला.

त्यानंतर कालिंदी सूत सोसायटीच्या कामाला इचलकरंजीला गेली. ती आठवडाभर तिकडं होती. परत आली तेव्हा फाउंड्रीचं वेळापत्रक सुरू झालेलं होतं. हंबीररावांनी माडीवर पेढे पाठवले होते. तिनं मशिनवर प्रोग्रॅम उघडला. वाळवणीचा भाग त्यात नव्हता.

"सर, हे कुणी काढलं?"

माधव बाहेरच्या खोलीतून आला. त्यानं दार लोटून घेतलं. "मी काढलं. हंबीरराव स्वतः आले होते. पावसाळ्याचे आकडे बघून म्हणाले, हे असलं असेल तर आम्हाला मशिनचं वेळापत्रक नको. छप्पर पंधरवड्यात होतंय, कालिंदी. त्यांनी माझ्यासमोर पत्र्यावाल्याला फोन लावला."

"पण आज तर नाही ना छप्पर?"

"मी त्यांना सांगितलंय की तोवर वाळवून घ्या म्हणून."

"वेळापत्रकात जागाच नाही तर ते वाळवणार कधी?"

माधवनं प्रिंटरवरचे कागद सारखे केले. मग तो म्हणाला, "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं ते मला माहीत आहे. पण तुम्ही माझ्या जागी नाही."

ती दुसऱ्याच दिवशी शिरोलीला गेली. पाऊस लागून राहिला होता. भंगाराच्या ढिगाभोवती खांबांसाठी खड्डे खणलेले होते आणि त्यांत पाणी साचलं होतं. पत्रा कुठं दिसत नव्हता. भट्टीजवळच्या खांबावर संगणकाचा कागद चिकटवलेला होता. केरबा आणि जोतीराम भंगार उचलत होते. त्यांचे हात भराभर चालले होते.

"वाळवत नाही का?" तिनं ओरडून विचारलं.

"येळ कुठाय, ताई? कागदावर न्हाय ते. ह्या टायमाला भरलं न्हाय तर बाळासो खाडा मांडतोय." केरबानं घाम पुसला. "वरवर शेकवून टाकतोय. जमेल तेवढं."

"मी त्यांच्याशी बोलते."

"बगा बोलून."

ती बोलली. बाळासोनं दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, पत्र्याची गाडी वाटेत आहे. तिनं हंबीररावांना भेटायचं म्हटलं तर ते पुण्याला गेले होते. परत येऊन ती माधवला म्हणाली, वेळ परत घाला. माधव म्हणाला, सोमवारी मी स्वतः जातो. सोमवारी त्याला ताप होता. मग तिच्या मामेबहिणीचं लग्न आलं, मग शाळांची कामं आली. ती परत शिरोलीला गेली नाही. रोज सकाळी तिला आठवायचं, आणि दुपारपर्यंत दुसरं काहीतरी समोर येऊन पडायचं.

फोन आला तेव्हा दुपार होती. माधवनं घेतला. तो नुसता "हो, हो" म्हणत राहिला आणि मग खाली बसला. भट्टीतला रस उसळला होता. जोतीरामचा एक डोळा आणि हात भाजला होता. केरबा भट्टीच्या अगदी तोंडाशी होता.

केरबा सरकारी दवाखान्यात दोन दिवस जिवंत होता. कालिंदी गेली तेव्हा वॉर्डाच्या दाराशी त्याची बायको शेवंताबाई बसली होती. डोक्यावरचा पदर दातांत धरून ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. कालिंदीनं आपण कोण ते सांगितलं नाही. आतून केरबाचा आवाज येत होता. बोलण्याचा नव्हता तो. कालिंदी जिन्यापर्यंत कशीबशी आली आणि कठडा धरून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी त्याला शिरोलीला नेलं. वस्तीतल्या विहारासमोर माणसं जमली होती. वंदना झाली. बाळासो मागं मोटारसायकलवर बसूनच होता. तो बोलत होता ते कालिंदीला ऐकू आलं. "लवकर घरी जायची घाई. न वाळवताच टाकलं की गड्यानं. आता कुणाला बोलायचं?" बाजूचे दोघे तिघे माना हलवत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या एमआयडीसीत तेच झालं, केरबानं घाई केली. पुढच्या आठवड्यात सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला येणार होते आणि हंबीररावांच्या वकिलानं त्यांच्यासाठीही हेच तयार ठेवलं होतं. मयत कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. तसं ठरलं तर केरबाच्या मागं राहिलेल्यांचा नुकसानभरपाईचा हक्कही लटकणार होता.

माधव कालिंदीच्या घरी आला. याआधी तो कधी आला नव्हता. दत्तोपंतांनी त्याला खुर्ची दिली आणि आपण उठून आत गेले.

"चौकशीत आपल्याला विचारतील," माधव म्हणाला. त्याची दाढी वाढली होती. "मी म्हणणार आहे की आम्हाला जी माहिती दिली त्यावर आम्ही वेळापत्रक केलं. एवढंच. तुम्ही गप्प राहिलात तरी चालेल."

"आणि केरबा?"

"केरबा गेला, कालिंदी. त्याला आता काय लागणार?"

"त्याच्या नावाला लागेल. त्याच्या बायकोला लागेल."

माधव हातांकडं बघत बसला. "मी रोज रात्री तेच बघतो," तो म्हणाला. "मी फक्त एक भाग काढला. पत्रा येणार होता. मला खरंच वाटलं, येणार आहे." मग त्यानं तिच्याकडं बघितलं. "फर्म गेली तर माझ्याकडं दुसरं काही नाही. तुम्हाला मी सगळं शिकवलं. मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडं."

तो गेल्यावर दत्तोपंत बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काय करू?" कालिंदीनं विचारलं.

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "मी बाप आहे. मी तुला गप्प बसच म्हणणार." आणि ते पुन्हा आत गेले.

चौकशी फाउंड्रीच्या ऑफिसातच झाली. इन्स्पेक्टर शांत, थकलेले गृहस्थ होते. एका बाजूला हंबीरराव, बाळासो आणि वकील. दुसऱ्या बाजूला माधव आणि कालिंदी. दाराजवळ स्टुलावर जोतीराम, अर्ध्या तोंडाला पट्टी. बाहेर भट्टी बंद होती, त्यामुळं पावसाचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

बाळासोनं सांगितलं की वाळवायचं हा कायमचा नियम आहे आणि केरबानं तो मोडला.

"जोतीराम, तुमचं काय म्हणणं आहे?"

"कागदावर हाय तेवढंच करायचं, असा हुकूम हुता, साहेब. वाळवणी कागदावर न्हवती." तो सावकाश, एकेक शब्द सोडवल्यासारखा बोलत होता. "केरबा म्हणायचा, एक दिवस उडणार ह्ये."

"खोटं बोलालाय," बाळासो म्हणाला.

इन्स्पेक्टर माधवकडं वळले. "वेळापत्रक तुमचं. त्यात वाळवणी का नव्हती?"

माधव घसा खाकरून म्हणाला, "आम्हाला फाउंड्रीनं जी माहिती दिली, त्यात वाळवणी नव्हती."

"होती, साहेब," कालिंदी म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा येईल असं तिला वाटलं नव्हतं. "मी इथं येऊन बघितलं होतं. वाळवणीचा वेळ मी घातला होता. बाळासोंना दाखवलाही होता. त्यांना तो नको होता."

वकिलानं हंबीररावांच्या कानाशी काहीतरी सांगितलं.

"घातला होता तर गेला कुठं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. "कुणी काढला?"

कालिंदीनं माधवकडं बघितलं. तिला त्याचं नाव घ्यायचं नव्हतं. त्यानं स्वतः सांगावं म्हणून ती थांबली. तो सांगेल असं तिला वाटत होतं. ज्या माणसानं एकेक ओळ न चिडता समजावून दिली होती, तो सांगेलच.

माधव टेबलाकडं बघत म्हणाला, "नंतर काही बदल करायचे होते. ते करताना यांच्याकडून तो भाग राहून गेला असावा. अनुभव कमी आहे यांचा."

"मी नाही काढला," कालिंदी म्हणाली.

"मॅडमच्या हातनंच गेलं म्हणायचं की," बाळासो पटकन म्हणाला. वकिलाचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि तो म्हणाला, "साहेब, म्हणजे फाउंड्रीनं वाळवणी सांगितली होती. संगणकवाल्यांच्या चुकीनं ती कागदावर आली नाही. आमच्या लोकांनी कागद प्रमाण मानला."

"तुमच्याकडं पहिल्या वेळापत्रकाचा काही पुरावा आहे?" इन्स्पेक्टरांनी कालिंदीला विचारलं.

नव्हता. दाखवलेला कागद बाळासोकडंच राहिला होता आणि बदललेला प्रोग्रॅम जुन्यावरच ठेवला गेला होता.

"मी नाही काढला, साहेब," ती पुन्हा म्हणाली. या खेपेला आवाज लहान आला.

इन्स्पेक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. ते कालिंदीकडं वळले. त्यांना बहुतेक सगळं समजलं होतं. "हे बघा," ते म्हणाले, "कुणी काढला याबद्दल तुम्ही एक सांगता, हे दुसरं सांगतात. ते ठरवायचं तर प्रकरण लांबेल, आणि मग मघाचं पहिलं म्हणणंही परत उभं राहील, की कामगारानंच नियम मोडला. आत्ता इथं सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. वाळवणी कागदावर नव्हती, आणि केरबा कागदाप्रमाणं वागला. कामगाराची चूक नाही, वेळापत्रक करणाऱ्यांची आहे. हे असं धरायचं का? तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

जोतीरामचा उघडा डोळा तिच्यावर होता. हंबीरराव खिडकीबाहेर बघत होते. माधवच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"नाही," कालिंदी म्हणाली. "केरबांची चूक नव्हती. असंच धरा."

ती बाहेर आली तेव्हा जोतीराम तिच्या मागून आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण त्यानं फक्त आपली छत्री तिच्यापुढं धरली. ती तिनं घेतली नाही. ती भिजतच बस थांब्यापर्यंत गेली.

पुढचं सगळं लवकर झालं. पेपरात बातमी आली. महिला संगणक कर्मचाऱ्याच्या चुकीनं कामगाराचा बळी. नाव नव्हतं, पण गावात अशा बायका होत्या किती? शाळांच्या हेडमास्तरांनी निकालाचं काम दुसऱ्याकडं दिलं. कालिंदीचं ठरत आलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं. माणूस मरावा इतकी निष्काळजी मुलगी घरात नको, असं त्यांनी मध्यस्थाला तोंडावर सांगितलं. दत्तोपंतांनी संध्याकाळी तळ्यावर फिरायला जाणं सोडलं. माधवनं तिला काढलं नाही. तीच पुन्हा माडी चढली नाही. त्यालाही त्याचा फायदा झाला नाही. हंबीररावांनी काम काढून घेतलं, बाकीच्यांनी दारातूनच हात जोडले. वर्ष संपायच्या आत मशिन विकून तो बायकोमुलांसह पुण्याला गेला. जाण्याआधी एकदा तो तिला महाद्वार रोडवर दिसला. दोघांनी एकमेकांना बघितलं. तो थांबला. ती चालत राहिली. घरी आल्यावर ती रडली, आणि ते रडणं त्याच्यासाठी होतं की स्वतःसाठी, तिला सांगता आलं नसतं.

फाउंड्रीवर छप्पर झालं. भट्टीही सुरू झाली.

कालिंदी घरी गणिताच्या शिकवण्या घेऊ लागली. एका दुपारी दार वाजलं. बाहेर शेवंताबाई उभी होती. हातात पिशवी, पायांत धूळ. कालिंदीला वाटलं, ही आता ओरडेल, कदाचित हात उचलेल. तिनं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली.

शेवंताबाई आत आली, पण बसली नाही.

"जोतीरामनं पत्ता दिला," ती म्हणाली. "त्यो म्हणतोय, तू न्हाय केलंस ते. पेपरात आलंय, तूच केलंस. म्हणून म्हणलं, तोंडानं इचारावं. खरं सांग, पोरी."

"मी नाही काढलं," कालिंदी म्हणाली. मग ती थांबली. एवढंच सांगून भागलं असतं. "पण मला कळलं होतं. वाळवणी काढलीय हे मला आधीच माहीत होतं. मी एकदा जाऊन सांगितलं. परत गेले नाही. रोज जायला पाहिजे होतं. भट्टीपुढं जाऊन बसायला पाहिजे होतं."

शेवंताबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"रोज येऊन मला सांगायचा," ती म्हणाली. "जेवताना. म्हणायचा, सोडतो ही भट्टी, वीटभट्टीवर जातो. मी म्हणलं, पावसाळ्यात कुटली वीटभट्टी? दिवाळीपत्तूर काड. दिवाळी झाल्यावर बगू." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्यालाबी म्हाईत हुतं. मलाबी. तुलाबी. आणि त्येंनाबी."

"बसा ना, मावशी. पाणी देते."

पाणी पिऊन तिनं तांब्या खाली ठेवला. शिरोलीचं घर सोडून ती कुरुंदवाडला भावाकडं चालली होती. भावाची बायको स्वभावानं बरी नव्हती. ती ठेवून घेईल की नाही याची खात्री नव्हती. फाउंड्रीकडून जे मिळायचं ते मंजूर झालं होतं, हातात आलं नव्हतं. हे सगळं तिनं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. आभार मानायला ती आली नव्हती आणि तिनं मानलेही नाहीत. माफ केलं असंही ती म्हणाली नाही.

"यष्टी कुटनं लागती?" तिनं विचारलं.

"चला, मी येते."

दोघी स्टँडपर्यंत चालत गेल्या. कुरुंदवाडची गाडी उभीच होती, खचाखच भरलेली. कालिंदीनं कंडक्टरला सांगून तिला दारातून वर चढवलं. शेवंताबाई आत सरकली आणि माणसांच्या गर्दीत दिसेनाशी झाली. गाडी निघेपर्यंत कालिंदी तिथंच उभी राहिली. मग शिकवणीची वेळ झाली म्हणून ती घरी परतली.